घरखर्चाच्या वहीत हौसेचाही रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे बायका बांगड्या-साड्यांवर उडवतात, अशी तक्रार पारावर, लग्नाच्या पंगतीत आणि अधूनमधून वाचकांच्या पत्रांतही ऐकायला-वाचायला मिळते. आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहणारी, बचत गटाचा हिशेब लिहिणारी आणि घरची कोरडवाहू शेती पतीसोबत करणारी बाई म्हणून मला या विषयावर थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ज्याला उधळपट्टी म्हटले जाते त्यातला बराचसा खर्च मला घरखर्चाचा रीतसर भाग वाटतो.

घरखर्चाविषयी जे सल्ले छापून येतात, ते बहुधा पगारदार कुटुंबासाठी असतात. आमच्याकडे पैसा पिकाने येतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, कापसाचे वेचे संक्रांतीपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे चालतात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरी येते. हातात आलेल्या चुकाऱ्यातून, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांतून, आधी कृषी केंद्राची आणि किराण्याची उधारी फेडायची, मग 31 मार्चच्या आत पीक कर्ज भरायचे, कारण मुदतीत फेडले तरच तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाची सवलत पदरात पडते. जूनमध्ये बियाणे, खत आणि मुलांच्या शाळेचा खर्च एकदमच अंगावर येतो, आणि निंदण, डवरणी, फवारणी सुरू असताना श्रावण-भाद्रपदात घरात रोकड जवळजवळ नसतेच. नेमका त्याच वेळी पोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. शेजारचे लेकरू लाकडी बैल घेऊन दारात आले की त्याच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे चार पैसे, ठेवावा लागतो, आणि आपल्या लेकराच्या बैलालाही नवी झूल हवी असते. हा खर्च अचानक आलेला नाही, तो दरवर्षी येतो. तरीही तो आधी कोणी लिहून ठेवत नाही आणि ऐन वेळी उसनवारी होते.

आमच्या घरी म्हणून वहीचे वर्ष दिवाळीपासून सुरू होते. उधारी, कर्ज, बियाणे आणि आजारपणासाठीची रक्कम बाजूला काढून जे उरते, त्याला पुढचे पीक येईपर्यंतच्या महिन्यांनी भागायचे. समजा, असे 60,000 रुपये उरले आणि बारा महिने काढायचे आहेत, तर महिन्याला 5,000 रुपये येतात. त्यातून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे शंभर रुपये हौसेच्या रकान्यात आधी लिहायचे, किराणा त्यानंतर. चार माणसांचे 400 रुपये झाले, म्हणजे शेकडा आठ. हे पैसे कशाला लागले, असे कोणी कोणाला विचारायचे नाही. संपले तर पुढच्या महिन्याचे उचलायचे नाहीत, उरले तर ज्याचे त्याच्या नावावर साठू द्यायचे. दिवाळीला जे उरते ते दाणागोटा विकल्यावर कितीही मोठे दिसले तरी त्याच दिवशी भागाकार करून टाकावा, कारण मोठी रक्कम घरात अखंड पडून राहिली की तिला पाय फुटतात.

अंदाज बांधताना हमीभाव धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि खुल्या बाजारात भाव बरेच दिवस चार हजारांच्या आसपास रेंगाळला. 2025-26 साठी हमीभाव 5328 झाला, म्हणून घरखर्च त्या आकड्यावर उभा करणे धोक्याचे आहे. कमीत कमी भावाने मांडणी करावी आणि जास्त मिळाले तर ते आजारपणाच्या रकमेत टाकावे.

आता हौसेविषयी. आठवडी बाजारात कासाराच्या दुकानापुढे उभी राहून हिरव्या चुड्यावर नुसता हात फिरवायचा आणि ‘पुढच्या बाजारी घेईन’ म्हणून निघून जायचे, ही गोष्ट आमच्याकडच्या कोणत्याही बाईला सांगून बघा, ती ओळखेल. दिवसभर पऱ्हाटीत वाकून कापूस वेचणारी, बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून निघालेली बाई स्वतःच्या मजुरीतून डझनभर बांगड्या घेताना चार वेळा विचार करते. त्याच घरात खर्ऱ्याचा, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूचा, खर्च मात्र कोणाच्या वहीत नसतो. दिवसाला एकच खर्रा आणि तो वीस रुपयांचा धरला, तरी महिन्याचे 600 रुपये होतात. हे मी भांडण लावण्यासाठी लिहीत नाही. सुपारी-तंबाखूच्या व्यसनाला मी हौस मानत नाही, कारण त्यापायी पुढे तोंडाचा आजार आणि दवाखाना वाट्याला येतो. पण पुरुषांना मित्रांसोबत टपरीवर चहा आणि तर्री-पोहे हवे असतील, तर तेही त्यांच्या शंभर रुपयांत उजळ माथ्याने बसावेत.

हौसेला जागा दिली नाही म्हणून ती थांबत नाही, ती लपते. कोणी डाळीच्या डब्यात पैसे दडवते, कोणी दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून हप्त्याने भांडी घेते आणि हप्ता भरायला गटातून कर्ज मागते. कर्जाच्या अर्जावर कारण ‘घरखर्च’ असे लिहिलेले असते. अशा घराची वही कितीही नीट लिहिली तरी खोटीच राहते, आणि पैसा नेमका कुठे जातो हे घरातल्या कोणालाच कळत नाही.

माझ्या सासूबाईंचे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे. ‘लाडकी बहीण’ 21 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी असल्यामुळे महिन्याचे 1500 रुपये त्यांना मिळत नाहीत. एसटीचा प्रवास मात्र 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत आहे. हौसेच्या रकान्यातले आपले पैसे साठवून त्या गेल्या हिवाळ्यात शेजारणीसोबत शेगावला गेल्या, महाराजांचे दर्शन घेतले, तिथली कचोरी खाल्ली आणि नातवंडांसाठी बांधूनही आणली. पैसे कोणाला मागावे लागले नाहीत, याचे त्यांना दर्शनाइतकेच समाधान होते. ज्या बाईने आयुष्यभर चुकारा मोजताना नुसता पाहिला, तिच्या हाती हक्काचे चार पैसे असणे ही मला किरकोळ बाब वाटत नाही.

‘उमेद’ (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या प्रशिक्षणात गटाची वही कशी ठेवावी हे आम्हाला फार चांगले शिकवले गेले. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री प्रत्येक गटाला पाठ आहे. घरच्या हिशेबाचा नमुना शिकवताना त्यातही हौसेचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि मांडणी महिन्याऐवजी हंगामाने करून दाखवावी, अशी प्रशिक्षकांना विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रानेही कोरडवाहू शेतकरी कुटुंबाच्या वर्षभराच्या हिशेबाचा असा एक नमुना दिवाळीच्या आधी, सोयाबीन बाजारात येण्याच्या सुमारास छापावा. तो आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्याची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक वाचक, बचत गटाची सचिव
ता. आर्वी, जि. वर्धा