निळं कार्ड सापडलं

सांगली
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सुन्या,

निळं कार्ड सापडलं.

हे तीन शब्द सांगायला दुपारपासून तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू गाडी चालवता चालवता अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. हे तसं उरकायचं नाहीये. म्हणून कागद घेतला.

घरी सगळे बरे. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर काठावर. पुढे.

आईने शिलाई मशीन द्यायला काढलं. घ्यायला येणाऱ्या बाईंसाठी मी खण रिकामे करत होतो. उजव्या खणाच्या तळाशी जुन्या पंचांगाचा कागद अंथरलेला, त्याच्याखाली दोन बॉबिन, खडूचा तुकडा, हुकांचा पत्ता आणि ते. तुझ्या मामेभावाचं, प्लेस्टेशनचं आठ एमबीचं मेमरी कार्ड, कोपऱ्यात ब्लेडने 'एस' कोरलेलं. आईला दाखवलं तर म्हणाली, "टीव्हीपाशी पडलं होतं रे, मला वाटलं मशीनचंच काहीतरी असेल." तिने उचलून जपून ठेवलं. कधी, ते तिला आठवत नाही. मला मात्र आता मिनिटापर्यंत ठाऊक आहे की ते टीव्हीपाशी कधीपासून पडलेलं होतं.

सुन्या, तू सेव्ह केलं होतंस.

सगळं नीट सांगतो, कारण घाईने सांगितलं तर तू "जाऊ दे रे" म्हणशील आणि मला ते आत्ता ऐकायचं नाही.

आपला जाडा प्लेस्टेशन टू माळ्यावर होता. त्याची लेन्स कधीच गेली. डिस्क टाकली की नुसता टकटक आवाज करतो. पण हल्ली एक खास मेमरी कार्ड मिळतं, त्याच्यावरून मशीन डिस्कशिवाय सुरू होतं आणि त्यातली फाइल पेनड्राइव्हवर उतरवता येते. ते मी मागे घेऊनच ठेवलं होतं, कारण एमुलेटरला, म्हणजे कॉम्प्युटरवर प्लेस्टेशनचं सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅमला, मशीनचं बायोस (ते सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) लागतं आणि ते मला आपल्याच मशीनमधून काढायचं होतं. बंड्या म्हणाला, कशाला एवढे कुटाणे, नेटवरून उतरवून घे. घेतलं नाही. ते मशीन आपण दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेलं. त्याचं बायोस असताना दुसऱ्या कुणाचं कशाला आणू? ग्रान टुरिस्मो ४ ची, त्या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाची, डिस्कही आपलीच, दिवाळीच्या पैशातली, चिपवाल्या दुकानातली शंभराची चोरटी नव्हे. दुहेरी थराची डीव्हीडी. कॉम्प्युटरच्या साध्या ड्राइव्हने ती वाचली, एक ओरखडा नडला नाही. तू ती गंजिफ्रॉकला पुसायचास आणि मी ओरडायचो, आठवतंय?

तर निळं कार्ड लावलं, सेव्ह पेनड्राइव्हवर घेतलं. फाइलबरोबर ती शेवटची कधी लिहिली गेली त्याची नोंदही येते. ती उघडली. १७ मे २००६, सकाळी ८:४४.

खोटं सांगत नाही, पहिल्या क्षणी मनात आलं ते हेच, की बघ, मी म्हणत होतो ना. तू साडेसहाच्या एसटीने पुण्याला गेलास, आत्येबहिणीच्या लग्नाला. ८:४४ ला तू साताऱ्याच्या आसपास कुठेतरी. म्हणजे हे सेव्ह तुझं नव्हेच, दुसऱ्याच कुणीतरी काहीतरी खेळून केलेलं. वीस वर्षांनीसुद्धा माझं मन आधी त्याच बाजूला पळालं. ते मला फार लागलं.

मग वाचत बसलो. पीएस टू जगात कुठेही विकलेला असो, त्याच्या आतलं घड्याळ कायम जपानच्या वेळेवर चालतं. स्क्रीनवर दाखवताना तो आपण निवडलेल्या टाइम झोनप्रमाणे वजाबाकी करून दाखवतो, पण कार्डावर लिहिताना जपानचीच वेळ लिहितो. आपण भारताचा झोन लावला होता, पहिल्याच दिवशी, तुझ्या दादाने हातातलं घड्याळ बघून. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. ८:४४ मधून साडेतीन तास काढ.

पहाटे ५:१४.

"सव्वापाचला सेव्ह केलं मी, काळं कार्ड दाखवेना म्हणून निळ्यात टाकलं." हे तू मला फोनवर सांगितलं होतंस. पुण्याहून, लग्नघरातून, मागे बँडचा आवाज. मी काय म्हणालो तेही मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, निळं कार्ड घरात नाही, तू घेऊन गेलास, आणि तुला गाडी चालवायला दिली नाही म्हणून तू मुद्दाम स्विच बंद केलास.

ती रात्र आज पुन्हा सगळी डोळ्यांपुढून गेली. नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत. २० किलोमीटरच्या वरचा एकेक फेरा. मध्ये सेव्ह करायची सोय नाही. पहिल्यांदा अकराव्या तासाला भारनियमन. दुसऱ्यांदा वेळापत्रक बघून बसलो तर फ्यूज गेला आणि तुझ्या अण्णांनी खांबावर चढायची तयारी दाखवली. तिसऱ्यांदा तूच म्हणालास, दिवसा नकोच, रात्री नऊला सुरू करू. बी-स्पेकमध्ये गाडी आपली आपण चालते, आपण फक्त एक ते पाच वेग सांगायचा, आणि तीनपट गतीवर टाकलं की चोवीस तासांचे आठ. नऊ पाचला सुरू, पाच पाचला शेवट. तुझं गणित बरोबर होतं. मिनोल्टाची टोयोटा, आणि आतल्या ड्रायव्हरला तू ठेवलेलं नाव गणपा. "गणपा, चारवर ये. गणपा, टायर गेले, आत घे." मी अडीचला झोपलो. तू नाही झोपलास. तू पाच पाचपर्यंत त्या गणप्याला हाका मारत एकटा बसलास, काळं कार्ड दगा देतंय म्हटल्यावर घाबरून निळं लावलंस, सेव्ह केलंस, आईने केलेला चहा घेतलास आणि मला न उठवता गेलास.

ते काळं बिननावाचं कार्ड तसंही दर आठ दिवसांनी हरवल्यासारखं करायचं. तरी मी कार्डावर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही.

आज सेव्ह एमुलेटरमध्ये लावलं. तुला आठवत असेल, २००८ मध्ये दादाच्या असेंबल्ड कॉम्प्युटरवर मी हाच एमुलेटर लावायचा प्रयत्न केला होता. सेकंदाला पन्नासातल्या नऊ फ्रेम मिळायच्या, गाडी चिखलातून चालल्यासारखी. तेव्हा मला कळायचं नाही, की प्लेस्टेशनचा प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा, आपला कॉम्प्युटर त्याच्या कितीतरी पट वेगाचा, मग झेपत का नाही. कारण त्या एका प्रोसेसरच्या जोडीला दोन व्हेक्टर युनिट, चित्र काढणारी वेगळी चिप आणि कंट्रोलर, कार्ड, डिस्क सांभाळायला आणखी एक, पहिल्या प्लेस्टेशनमधलाच प्रोसेसर. सगळे एकाच वेळी, एकमेकांच्या तालावर. कॉम्प्युटरला बहुरूप्यासारखी एकट्याने ही सगळी सोंगं घ्यायची, त्यांची भाषा धावता धावता आपल्या भाषेत आणायची, आणि कुणाचाही ताल चुकू द्यायचा नाही. लोक २००२ च्या आसपासपासून हे फुकट, आपल्या वेळात करत आलेत. २०२४ च्या जुलैत या एमुलेटरची २.० आवृत्ती आली. पूर्वीची ती प्लगइनची, वेगवेगळे जोड-प्रोग्रॅम लावत बसायची, भानगड गेली. आता ऑफिसातून आणलेल्या माझ्या साध्या कॉम्प्युटरवर पूर्ण पन्नास फ्रेम, पंखासुद्धा जोरात फिरत नाही. मला त्या माणसांचे पाय धरावेसे वाटतात. ते नसते तर हे कार्ड मी हातात घेऊन नुसता बघत बसलो असतो.

आधी चित्र तिप्पट बारीक करून पाहिलं. सगळं लखलखीत, आणि प्रेक्षक कागदाचे. बरं वाटेना. मग मूळ रेझोल्यूशनवर आणलं, जुन्या टीव्हीच्या रेघांचा फिल्टर लावला, तेव्हा कुठे आपली खोली आठवली.

गॅरेज उघडलं. टोयोटा आहे. बक्षिसाची गाडी आहे. शर्यतींच्या यादीत नुर्बुर्गरिंगपुढे पहिला नंबर आहे. मी किती वेळ बघत बसलो ते कळलं नाही. शुभदा येऊन विचारून गेली, काय झालं. तिला काय सांगणार? म्हटलं, सुन्याने सेव्ह केलं होतं. ती म्हणाली, बरं.

आता खरं सांगायचं ते सांगतो. इतक्यासाठीच लिहायला बसलो.

एका खेळाची गोष्ट असती तर दोघांनी कधीच सोडली असती. वर्षभर बोललो नाही, मग बंड्याच्या बहिणीच्या लग्नात पंगतीला शेजारी बसवलं आणि जिलबीवरून बोलायला लागलो. तू पुन्हा विषय काढला नाहीस. मला वाटलं, काढत नाही म्हणजे मनात चोर आहे. मी ते धरून ठेवलं. २०१३ मध्ये तू गाळ्याचा विषय घेऊन आलास. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, निम्मे-निम्मे, जसं प्लेस्टेशन घेतलं तसं. मी तुला सांगितलं की बाबांचं ऑपरेशन आहे, पैसे अडकतील. ऑपरेशन होतं, पण पैसे होते. मी नाही म्हणालो कारण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, हा तोंडावर खोटं बोलू शकतो, मी मे महिन्यात पाहिलंय. एवढ्या एका गोष्टीवर. पहाटे ५:१४ ला तू जे खरं केलंस, त्याच्यावर.

तू एकट्याने गाळा घेतलास, दोन वर्षं ओढलंस, आणि मग तळेगावची नोकरी धरलीस. मी बरोबर असतो तर चाललं असतं की नाही, कोण सांगणार. पण मी नसण्याचं कारण खोटं होतं, आणि ते मी तुला कधी सांगितलंही नाही. तुला वाटत आलं असेल की बाबांमुळे. अण्णा गेले तेव्हा तू माझा हात धरून म्हणालास, "तुझी अडचण मला माहीत होती रे." तेव्हाच बोलायला हवं होतं. जमलं नाही.

माफी मागतो. निळ्या कार्डाची, फोनवरच्या त्या शब्दांची आणि गाळ्याची. तिन्हींची वेगवेगळी.

बंड्याला मी आत्ताच फोन करून सांगितलं, कारण त्यालाही मीच तेव्हा सांगितलं होतं की सुन्या खोटारडा आहे. तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी त्याच्याकडून घेतलेली शंभराची पैज हरलो होतो?" शंभर रुपये तो देणार आहे. व्याजाचं तुझं तू बघ. माझ्या मते सोडू नकोस.

आणखी एक सांगायचं राहिलं. एमुलेटरमध्ये एफ-वन दाबलं की वाट्टेल तिथे खेळ गोठवता येतो. शर्यतीच्या अकराव्या तासाला, वळणाच्या मध्यावर, कुठेही. वीज गेली तरी एफ-थ्री दाबून तिथूनच पुढे. आपल्याला तेव्हा एवढंच हवं होतं. पण ती गोठवलेली स्थिती एमुलेटरची आवृत्ती बदलली की उघडेलच असं नाही. मेमरी कार्डावरचं सेव्ह मात्र उघडतं. म्हणून तुझ्या सेव्हच्या तीन प्रती करून ठेवल्यात, एक आईच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर. मूळ कार्डावर मी एक अक्षर लिहिलेलं नाही. खेळलो ते प्रतीवर. कार्डावर शेवटचा हात तुझाच आहे, आणि तो तसाच राहू दे.

तुझं कसं चाललंय? वहिनींची बदली झाली का? चिमी आता चौथीत ना? तिचा कथकचा फोटो पाहिला, नाक काकूंचं आहे. काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? नव्या घराच्या गळतीचं बिल्डरने काही केलं की अजून पावसात बादल्याच?

दिवाळीत येतोस म्हणाला होतास. मागच्या वेळसारखं भाऊबीज उरकून त्याच दिवशी पळू नकोस, एक रात्र ठेव. रात्री नऊला सुरू करू, तीनपटीवर, एमुलेटर आणखी पळवणारं टर्बोचं बटण दाबायचं नाही. या वेळी अडीचनंतर मी जागतो, तू झोप.

कार्ड कुरिअरने पाठवत नाही. घ्यायला ये.

तुझा,
मंद्या

ता. क. आई विचारते, चहात तुला अजून गवती चहा लागतो का. त्या दिवशी पहाटे गवती चहा नव्हता म्हणून तू अर्धा कप ठेवून गेलास, हे तिला पक्कं आठवतं.