जिमखान्यातल्या मामांना

मामा, सा. न.

परवाच्या माझ्या कुस्तीच्या सत्काराला माझी चूक झाली. माईकसोबत हातात आभारांची एक चिठ्ठी दिली होती. तिच्यात प्राचार्य, उपप्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी, क्रीडा विभाग अशी सात नावं. हजेरी घेतात तशी मी ती वाचून टाकली. तुम्ही मागच्या दाराशी खुर्च्या मोजत उभे होता. मी तुमच्याकडं बघितलंही, पण चिठ्ठीत नाव नाही म्हणून तोंडातून निघालं नाही. आखाड्यात कुणाला न भिणारा गडी माईकपुढं एवढासा होतो. फ्लेक्सवरही तुम्ही नव्हता, पण फ्लेक्स मी छापलेला नाही; तोंड माझं होतं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचा मोबाईल दशावतार बघण्यापुरताच आहे, तेव्हा ताईकडून वाचून घ्या.

गावाकडं माझं नाव होतं, हे आधी कबूल करतो. दहावीपासून जत्रेच्या मैदानात माझी जोड लागायची, हलगी कडाडायची, इनामाच्या पैशात घरी एक म्हैस आली. खेळाडू म्हणून मुंबईत प्रवेश मिळाला, लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकली, आणि कॉलेजच्या कुस्त्या म्हणजे पोरासोरांचा खेळ, असं डोक्यात घेऊन पहिल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरलो. एक मिनिट चाळीस सेकंदांत दहा-शून्य. पाठ टेकलीच नाही आणि पंचांनी समोरच्याचा हात वर केला. "चितपट कुठं झालो मी?" असं मी त्यांना विचारलंसुद्धा. आजूबाजूचे हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जिमखान्यात फिनेल टाकून कुस्तीची गादी, म्हणजे मॅट, पुसत होता. मी कोपऱ्यात बसलेला. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "रे, तू पडलंस काय निजतंस कित्याक?" म्हणजे, पडलास की झोपतोस कशाला?

खरं सांगतो, राग आला. लंगोट कधी न नेसलेला देवगडचा माणूस, तरुणपणी फार तर कबड्डी खेळलेला, तो मला सांगणार? पण रात्री खोलीत मोबाईलवर ती कुस्ती परत बघितली आणि गप्प झालो. मातीत पट निघाला, म्हणजे समोरच्यानं पाय धरून ओढला, की मी पोटावर पडतो. कोपरं अंगाशी घट्ट, मान आत, आता फिरव मला बघू. पाठ लागेपर्यंत निकाल नाही, मग घाई कुणाला? वस्तादांनी हेच शिकवलं होतं आणि मातीत ते बरोबरच होतं. गादीवर मात्र पोटावर गेलो तिथंच ताब्याचे २ गुण गेलेले असतात. वरचा कंबरेला विळखा घालून भारंदाज मारतो, एकदा फिरवलं की २, परत फिरवलं की परत २. चार वेळा फिरवलं की १० गुणांचा फरक, आणि कुस्ती तिथंच संपते. माझ्याबरोबर अक्षरशः हेच झालं होतं. मी आपला विसावा घेत होतो आणि तिकडं फलक पळत होता.

सर आठवड्यातून तीन दिवस यायचे. डाव सगळे त्यांचे, ते ऋण वेगळं. उरलेले दिवस तुमचे. दिव्याहून पहाटेची लोकल पकडून तुम्ही साडेपाचला हॉल उघडायचात, कारण सातला बॅडमिंटनवाले येणार. गादीचे तुकडे दोघांनी मिळून जोडायचे, वर कव्हर ताणायचं. कडेचा लाल पट्टा पुसट झालेला, तिथं तुम्ही वायरमनची लाल टेप चिकटवलीत. रेषेबाहेर पाय गेला तर समोरच्याला १ गुण, हे मला नियम म्हणून ठाऊक होतं, पायाला ठाऊक नव्हतं. आखाड्यात कडेला गेलं तर परत मधे आणतात. त्या टेपवर टाच लागली की तुम्ही ओरडायचात, आणि कोल्हापूरच्या माणसाला मालवणीत शिव्या खाव्या लागायच्या.

आणि ते डब्याचं झाकण. मी पोटावर गेलो की स्टीलच्या झाकणावर चमचा आपटायला सुरुवात, उठून उभा राहीपर्यंत थांबायचं नाही. खडाखडी, म्हणजे उभ्यानं नुसती हाताची झटापट, लांबली तरी तेच. फ्री स्टाईलमध्ये निष्क्रिय ठरलो की ३० सेकंदांचं घड्याळ लागतं, तेवढ्यात गुण काढला नाही तर समोरच्याला १. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे अर्धं मिनिट, एवढीच कुस्ती. आमच्याकडं एवढा वेळ नुसता अंदाज घेण्यात जातो. तुमच्या त्या टणटणाटाला बॅडमिंटनच्या पोरींनी तक्रारही केली होती. तुम्ही म्हणालात, "आरतीचा सराव चाललोसा." त्यांना ते पटलं की नाही, देव जाणे.

वजनाचं सांगायलाच हवं. जत्रेत जोड नजरेनं लावतात, इथं काटा बोलतो. पहिल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी पावणेतीन किलो उतरवायला मी रेनकोट घालून जिने चढत होतो. वजन ७४ किलोच्या गटात बसलं, पायात जीव राहिला नाही. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅम जादा वजनापायी फायनलला मुकली, तेव्हा आम्ही खोलीतले सगळे हळहळलो होतो; स्वतःवर आलं तेव्हा अक्कल चालली नाही. पुढच्या वर्षी तुम्ही महिनाभर आधीपासून रोज मला काट्यावर उभं केलंत आणि आकडा कालनिर्णयच्या मागं लिहिलात. रात्रीची थंडाई बंद केलीत. डब्यातून बांगडा आणलात. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला मी, पहिल्याच घासाला काटा घशात. तुम्ही भाताचा गोळा गिळायला लावलात आणि मग पोटभर हसलात.

जुलैत पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, ती रात्र आपण जिमखान्यातच काढली. गादीवर आडवे पडून मी तुम्हाला खाशाबा जाधवांचं सांगत होतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा मातीतला पैलवान, १९४८ ला लंडनला गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक. त्याला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. मला वाटलं, तुम्हाला झोप लागली. तर अंधारातून आवाज आला, "तेका चार वर्षा लागली. तू चार महिन्यांत कित्याक रडतंस?" आणि लगेच घोरायला लागलात. इतकं मोठ्यानं की मी पहाटेपर्यंत जागा.

यंदाच्या फायनलला तुम्ही परीक्षेच्या ड्युटीवर होता, म्हणून नीट सांगतो. मी ६-३ नं पुढं. चाळीस सेकंद उरली असताना त्यानं एकेरी पट काढला आणि मी पोटावर. ६-५. आता एक भारंदाज बसला की तो ७-६. त्याचे हात कंबरेभोवती आले, आणि माझी कोपरं जुन्या सवयीनं आत वळली. शपथेवर सांगतो मामा, तेवढ्यात कानात झाकण वाजलं. गुडघा आत घेतला, त्याची मनगटं सोडवली, उभा राहिलो. उरलेला वेळ टेपपासून, म्हणजे तिथल्या पट्ट्यापासून, लांब राहून काढला. सहा-पाच.

आता विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघालोय. तिथं हरियाणाची पोरं असतील, लहानपणापासून गादीवर खेळलेली. बघू.

तुमच्यासाठी नवा डबा आणलाय, चार पुडाचा, जिमखान्याच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. जुना डबा तिथंच ठेवलाय, त्याचं पोचा पडलेलं झाकण तेवढं मी बॅगेत घातलंय. विचारलं नाही, माफ करा.

तुमचा,
सकाळी साडेपाचचा पैलवान