गायरान फुकट नाही: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सादर नमस्कार.

सुरुवातीलाच स्पष्ट करते, सौर प्रकल्पांना माझा विरोध नाही. शेतीला दिवसा वीज द्या, अशी मागणी करणाऱ्यांत मीही होते आणि आहे. रात्रीच्या पाळीची लाइट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, मोटार सुरू करायची आणि पहाटेपर्यंत अंधारात पिकाच्या पाण्याची दारे धरायची, यात कितीतरी माणसे सर्पदंशाने आणि विजेच्या धक्क्याने गेली. गावाजवळच्या सौर प्रकल्पांतून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही वणवण संपवू शकते असे मला मनापासून वाटते. म्हणूनच ती ज्या जमिनीवर उभी राहते आहे, त्या जमिनीबद्दल हे पत्र लिहिते आहे.

योजनेचे उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचे. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते, म्हणजे एकूण ६४ ते ८० हजार एकर. खाजगी शेतकऱ्याने जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरसाल ३ टक्के वाढ मिळते. हा दर रास्त आहे. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते, आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान, गावच्या जनावरांसाठी राखलेली सामाईक चराईची जमीन. जिथे भाडे द्यावे लागत नाही तीच जागा आधी निवडली जाणार, हे उघड आहे. माझी तक्रार नेमकी इथे आहे. प्रकल्पाच्या हिशेबात गायरानाची किंमत शून्य धरली जाते. ती किंमत भरतो तिथे जनावरे चारणारा माणूस.

कागदावर 'पडीक' म्हणून नोंद असलेले गायरान आषाढ-श्रावणात एकदा जाऊन पाहावे. पवना, मारवेल, कुसळी गुडघ्यापर्यंत आलेली असते. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तिच्या चार शेळ्या त्याच्यावर जगतात. शाळेची फी किंवा दवाखान्याचा खर्च आला की त्यातली एक बाजारात जाते; तिची बँक तीच. उन्हाळ्यात गवत संपले तरी बाभळीच्या शेंगा असतात. धनगरांचे कळप जाता-येता तिथे थांबतात, आणि शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतात, कारण लेंडीखत तसे फुकट मिळत नाही. आता इथे तारेचे कुंपण पडले की काय होते? पाझर तलावाकडे जाणारी वाट बंद होते. शेळ्या रस्त्याच्या कडेला येतात, मग कुणाच्या तरी बांधावर जातात, मग भांडणे, मग कोंडवाडा. वर्षभरात त्या बाईच्या शेळ्या विकल्या जातात. हे नुकसान कोणत्याही प्रकल्प अहवालात येत नाही, कारण प्रकल्पाआधी परिणामांचा अभ्यास करायला लावणाऱ्या २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतून सौर प्रकल्पांना सूट आहे आणि जनसुनावणीची अटच नाही.

दुसरी बाजू याहून नाजूक आहे. मराठवाड्यात अनेक गायराने भूमिहीन दलित कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून कसत आली आहेत. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच हक्कासाठी. गाव नमुना एक-ई, म्हणजे तलाठ्याकडची अतिक्रमणांची नोंदवही, हिच्यात त्यांची नोंद 'अतिक्रमण' अशी आहे; कित्येकांची तर तीही नाही. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावची सामाईक जमीन राखण्याचे आदेश दिले. अतिक्रमणे हटवायला सांगतानाच शासनाच्या अधिसूचनेने पट्टा मिळालेले भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांच्यासाठी अपवादाची जागाही ठेवली. त्या निकालानंतर राज्यात गायराने मोकळी करण्याचे आदेश निघाले. सामाईक राहावी म्हणून ज्या जमिनीवरून गरिबाला उठवायचे, ती जमीन लगेच एका कंपनीच्या ताब्यात द्यायची असेल, तर त्या आदेशांना अर्थ काय उरला?

माझी मागणी एवढीच, की खाजगी जमिनीला जो दर आहे तोच गायरानाला लावा आणि ते भाडे ग्रामसभेच्या हाती द्या. त्यातून चराईची पर्यायी सोय, वैरण, पाण्याची व्यवस्था व्हावी. दर सारखा झाला की निवड आपोआप डोळसपणे होईल, आणि कोरडवाहू, खडकाळ जमीन भाड्याने द्यायला तयार असलेले शेतकरीही पुढे येतील. जिथे गायरानाशिवाय इलाजच नाही तिथे पॅनेलचे सांगाडे उंच घ्या आणि मेंढ्यांना खालून चरू द्या. शेळ्या वर चढतात, त्यांच्यासाठी वेगळा पट्टा सोडावा लागेल. पॅनेल धुवायला पाणी कुठून आणणार, हेही दुष्काळी तालुक्यात आधीच ठरले पाहिजे.

आता कोळशाकडे वळते, कारण विजेने जमीन खाल्ली ती काही सौर प्रकल्पांपासून नाही. आपल्याकडचा शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख उरते. २,९२० मेगावॉटच्या चंद्रपूर औष्णिक वीजकेंद्राने, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, पारस, एकलहरे या केंद्रांनी ही राख साठवायला किती जमीन घेतली, ते त्या गावांना विचारा. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखेचा चिखल कोलार नदीतून कन्हानपर्यंत गेला. नागपूरकरांच्या पिण्याच्या पाण्याचा एक भाग त्याच कन्हानचा. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १९९९ ची. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला, साचलेली जुनी राख दहा वर्षांत संपवायला सांगितली आणि न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई ठेवली. कायदा कमी नाही. कोणत्या बंधाऱ्यात किती राख उरली आणि दरवर्षी ती किती कमी झाली, हे शेजारच्या गावाला समजेल अशा भाषेत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे, एवढे तरी होऊ शकते.

याच केंद्रांचे जुने संच बंद होत आले आहेत. तिथे जमीन आहे, उपकेंद्र आहे, पारेषण वाहिन्या आहेत. मोठे सौर प्रकल्प आणि वीज साठवणारे बॅटरी प्रकल्प आधी तिथे यायला हवेत. अधिकारी सांगतील, की कृषी वाहिनीसाठी जागा गावच्या उपकेंद्राजवळच लागते आणि राखेची जमीन पोचट असते, पाया धरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून सगळे तिकडे हलवा असे मी म्हणत नाही. पण मोठ्या प्रकल्पांना गावच्या उपकेंद्राची अट नसते, आणि खर्च वाढेल म्हणून राखेची जमीन वगळताना गायरानावर पडणारा खर्च हिशेबात धरलेला नसतो. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पात गेलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागत मंत्रालयातच विष घेतले आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. जमिनीचा हिशेब चुकला की काय होते, हे आपल्या खात्याला माहीत आहे.

पॅनेलच्या कचऱ्याबद्दलही आत्ताच ठरवावे लागेल. साक्रीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ चा. पंचवीस वर्षांचे आयुष्य धरले तर २०३८ च्या सुमारास ती पॅनेल निघतील, गारपिटीत फुटलेली त्याआधीच. ई-कचरा नियम, २०२२ उत्पादकांना २०३४-३५ पर्यंत हा कचरा नुसता साठवून ठेवायला सांगतात. तोवर भंगारवाला ॲल्युमिनियमची चौकट काढून नेईल आणि काच व शिसे गावच्या नाल्यात राहील. प्रत्येक करारात पॅनेल परत नेण्याची आणि जमीन पूर्ववत करण्याची अट असावी, आणि त्यासाठीची अनामत रक्कम सुरुवातीलाच जमा व्हावी. कंपनी पंचवीस वर्षांनी त्याच नावाने असेलच असे नाही.

पुढची निविदा काढण्यापूर्वी दोन याद्या जाहीर कराव्यात: बंद झालेल्या आणि होऊ घातलेल्या औष्णिक संचांच्या ताब्यातील जमिनींची, आणि या योजनेत आजवर दिलेल्या गायरानांची, गावनिहाय. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक गावात ग्रामसभेचा ठराव कोणत्या तारखेला झाला आणि त्या सभेला जनावरे राखणारे हजर होते का, हेही त्यात असावे.

आपली,
मराठवाड्यातील एक शेतकरी