सेवानिधी हाती येण्याआधी सल्ला मिळावा

चार वर्षांसाठी लष्करात भरती झालेल्या अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांनंतर त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होणार. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा करमुक्त सेवानिधी मिळेल. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीही नाही. यातला निम्मा वाटा त्यांच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापून जमलेला असतो. पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलाकडे एवढा पैसा एकदम येतो, आणि पुढच्या नोकरीचा पत्ता नसतो! आमच्या सातारा भागात अशा रकमेवर जमिनीचे एजंट, दामदुपटीच्या योजनावाले, शिवाय भाऊबंदही टपलेले असतात. जुन्या जवानांना निदान पेन्शनचा आधार होता. तरी एकरकमी पैसे घेऊन अर्धी पेन्शन विकली की ती १५ वर्षांनीच पूर्ववत होते, हे कित्येक घरांत बायकोला फार उशिरा कळले.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी तालुक्याच्या ठिकाणी मराठीतून बोलणारे आणि कुठलीही पॉलिसी न विकणारे सल्लागार बसवावेत. जवान सुट्टीवर आला की त्याच्या आईवडिलांना, पत्नीलाही सोबत बोलवावे. पैसे खात्यात जमा होण्याच्या निदान सहा महिने आधी हे सगळे व्हावे.

– एका माजी सैनिकाची मुलगी, सातारा