पद्मिनीच्या पेट्रोल काट्यासाठी मनापासून आभार

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला बाजारातला नवा पेट्रोल गेज बसवला आणि काटा उलटाच चालू लागला. टाकी भरली की तळाकडे, रिकामी झाली की 'फुल'च्याही पलीकडे. गेज बदलून द्यायला दुकानदार तयार होता, पण दोष नेमका कुठे आहे ते कोणी सांगेना.

ते सांगितलं कुर्ल्याच्या एका वायरमन काकांनी. ही गाडी जिथे बनायची, त्याच कुर्ल्यात. त्यांनी आधी बॅटरीची वायर काढली, मग टाकीतला फ्लोट (पेट्रोलबरोबर वरखाली होणारा, गेजला पातळी कळवणारा तरंगता भाग) बाहेर घेतला आणि तो हाताने वरखाली करत मल्टीमीटर लावला. विजेचा रोध खाली, म्हणजे रिकाम्या टाकीला, 10 ओहम, वर 180. गेज होता 240 ते 33 चा, म्हणजे भरलेल्या टाकीला कमी ओहम मागणारा. दोघांची भाषाच उलटी! 10-180 चा गेज आणला आणि काटा सरळ झाला.

तरीही मागचे दिवे लावले की तो हलायचा. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या, पूर्वी काळी-पिवळी चालवलेल्या चाचांनी टाकीची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी, बघायला सांगितली. गंज खरवडून त्यांनी स्वतः नवी वायर बॉडीला घट्ट आवळली. अर्थिंग कच्ची असेल तर असा गेज आहे त्यापेक्षा जास्त पेट्रोल दाखवतो, हेही समजावलं. घाटात हे किती महागात पडलं असतं!

दोघांनी नाव सांगितलं नाही, पैसेही घेतले नाहीत. काका, चाचा, तुमचे खूप खूप आभार. बाबा आता पुन्हा स्वतः गाडी काढतात.