एंटविसलच्या जागी उभा राहिलेला माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'द हू' या इंग्लिश बँडवर आलेला लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या बँडवर पानभर मजकूर आला याचा मला इतका आनंद झाला की हातातला चहा निवून गेला. पण लेखाच्या शेवटी जॉन एंटविसल आणि पीनो पॅलाडिनो या दोन बेस (म्हणजे खर्जाची गिटार) वादकांची जी तुलना केली आहे, ती वाचून राहवेना म्हणून हे पत्र. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की मूळचा बेस वादक म्हणजे वादळ होतं आणि त्याच्या जागी आलेला म्हणजे रोजंदारीवर आणलेला, चार सूर वाजवून घरी जाणारा माणूस. यातलं पहिलं अर्धं मला शंभर टक्के मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्यात पॅलाडिनोवर अन्याय झाला आहे.

मी नगरचा. वीस-बावीस वर्षं वाद्यवृंदात बेस गिटार वाजवली. 'द हू' माझ्यापर्यंत आलं ते अरणगावजवळच्या मेहेराबादमुळे. वडिलांचं भाड्याने सायकली देण्याचं दुकान होतं. 31 जानेवारीच्या अमरतिथीला, म्हणजे पुण्यतिथीला, मेहेरबाबांच्या समाधीवर येणारी परदेशी मंडळी आमच्याकडून सायकली न्यायची. त्यातल्या एकाने जाताना मला 'द हू'च्या 'हूज नेक्स्ट' या अल्बमची कॅसेट दिली आणि पहिल्या गाण्यावर बोट ठेवून म्हणाला, यातला 'बाबा' म्हणजे तुमच्या इथलाच बाबा. खरंच होतं ते. बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त, आणि 'बाबा ओ'रायली' या नावातला 'बाबा' तिथून आलेला. त्या कॅसेटची पट्टी टेपमध्ये अडकून चुरगळेपर्यंत मी ती ऐकली. सुरुवातीला गाण्यांसाठी, नंतर नुसत्या बेससाठी.

म्हणून आधी एंटविसलबद्दल. लेखात त्याचा वेग सांगितला आहे, पण तो वेग कुठल्या जागेत होता हे आलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. ज्यांनी तबल्याचं एकलवादन ऐकलं आहे त्यांना हे चटकन कळेल. पेटीवाला एकच लेहरा आवर्तनामागून आवर्तन धरून ठेवतो आणि त्याच्या भरवशावर तबलजी कायदे, रेले, तुकडे मांडत जातो. 'द हू'मध्ये लेहरा गिटारकडे होता. टाउनशेंडचा उजवा हात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि लय धरून ठेवायचा, आणि इतर बँडमध्ये ज्यांनी ठेका सांभाळायचा ते दोघे, ड्रमवरचा कीथ मून आणि बेसवरचा एंटविसल, विस्तार करत सुटायचे. एंटविसल स्वतः मात्र खांबासारखा एका जागी उभा. बाकीचे तिघे मंचावर धुमाकूळ घालत असताना याची फक्त बोटं हलायची.

1965 च्या 'माय जनरेशन'मध्ये गिटार एक तुकडा टाकते आणि बेस तिला उत्तर देतो, पुन्हा गिटार, पुन्हा बेस. रॉकच्या रेकॉर्डवर बेसला अशी समोर जागा मिळाल्याची ही अगदी सुरुवातीची उदाहरणं. त्यासाठी त्याला पियानोसारखा खणखणीत आवाज हवा होता. डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या बेसला बारीक तारा असत, त्यांतून तो निघायचा. पण तार तुटली की सुटी तार बाजारात मिळायची नाही, म्हणून हा गडी नवी गिटारच विकत घ्यायचा. शेवटी रेकॉर्ड झाली ती दुसऱ्याच, फेंडर जॅझ बेसवर. पुढच्या वर्षी, 1966 मध्ये, तो रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्यांकडे गेला आणि जाड तारा नीट झंकारेपर्यंत त्यांच्याबरोबर बसून नव्या तारा करून घेतल्या. बेसच्या जुन्या तारांवरचं वेटोळं चपट्या पट्टीचं असायचं, बोटाखाली गुळगुळीत, आवाज दबका. या नव्या तारांवर गोल तारेचं वेटोळं होतं. बोट फिरवलं की करवतीसारखं खरखरतं, आणि आवाजाला धार येते. आज नगरच्या दुकानात बेसच्या तारांचं पाकीट मागितलं तर हातात पडतात त्या याच जातीच्या. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवरचे घट्टे त्यांचेच.

1973 च्या 'क्वाड्रोफेनिया' या अल्बममधलं 'द रिअल मी' ऐका. गाणारा गातो आहे आणि बेस त्याच्या प्रत्येक ओळीच्या मागून धावत जाऊन पुढे उडी मारतो, तरी गाण्याचा हात सुटत नाही. नाहीतर मे 1978 मध्ये शेपर्टनच्या स्टुडिओत चित्रित झालेलं 'वोन्ट गेट फूल्ड अगेन' पाहा. कीथ मूनचा तो शेवटचा कार्यक्रम. त्यातला फक्त बेसचा ट्रॅक आज इंटरनेटवर वेगळा काढलेला मिळतो. मी तो हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकला तेव्हा गिटार उचलून कोपऱ्यात ठेवली आणि दोन दिवस हात लावला नाही. एका माणसाच्या हातात खर्ज आणि तार सप्तक एकाच वेळी वाजत होते.

27 जून 2002 ला एंटविसल लास व्हेगासच्या हॉटेलात वारला. वय 57. अमेरिकेचा दौरा दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचा होता. पहिले दोन कार्यक्रम रद्द झाले आणि 1 जुलैला लॉस एंजेलिसच्या 'हॉलीवूड बोल' या खुल्या रंगमंचावर बँड उभा राहिला तो पॅलाडिनोला घेऊन. मधे दिवस गेले चार. गुरुवारी निरोप, सोमवारी मंच, समोर हजारो माणसं, आणि त्यातली निम्मी तरी अजून रडत असणार. दुसऱ्याच्या गादीवर असं बसायला काय छाती लागते हे बेस हातात धरलेल्यालाच कळेल.

लेखात पॅलाडिनोला 'बाहेरचा' म्हटलं आहे. तेही बरोबर नाही. वेल्समधल्या कार्डिफचा हा वादक टाउनशेंडच्या 1985 च्या 'व्हाइट सिटी' या स्वतंत्र अल्बममध्ये वाजलेला आहे. म्हणजे त्या रात्रीच्या सतरा वर्षं आधीची ओळख. त्याच्याही आधी इंग्लिश गायक पॉल यंगच्या गाण्यांतून त्याचा फ्रेटलेस, म्हणजे पडद्यांशिवायचा, बेस जगभर गेला होता. 2000 साली अमेरिकन गायक डीअँजेलोच्या 'व्हूडू' या अल्बममध्ये त्यानं जे वाजवलं ते एंटविसलच्या बरोबर उलट टोकाचं. त्याच जुन्या चपट्या वेटोळ्याच्या तारा, सूर मोजके, आणि प्रत्येक सूर ठेक्याच्या अंमळ मागे, इतका की आता पडणार असं वाटतं आणि तो नेमका सावरतो. मात्रा इतक्या मागे धरून तोल न जाऊ देणं महाकठीण आहे. मी महिनोन्महिने प्रयत्न केला आहे.

अशा माणसाला एंटविसलची नक्कल जमली नसती असं नाही. 'माय जनरेशन'मधल्या बेसच्या जागा आणि 'द रिअल मी'चा मूळ आराखडा त्यानं जपला, कारण त्या जागा गाण्याच्याच आहेत, त्या काढल्या तर गाणं लंगडं होतं. पण गाण्यागाण्यांत एंटविसल ऐन वेळी जी भर घालायचा, ती पॅलाडिनोनं केली नाही. ती जागा त्यानं मोकळी सोडली. लेखकाला हे रितेपण वाटलं. मला तो वाजवणाऱ्याचा निर्णय वाटतो, आणि बरोबर निर्णय.

का, ते टाउनशेंडच्याच बोलण्यातून कळतं. 2019 साली एका मुलाखतीत तो मून आणि एंटविसल यांच्याविषयी फार कडवट बोलला, टीका झाल्यावर त्याला खुलासाही करावा लागला. ते बोलणं मलाही लागलं. पण त्यात वादकाच्या कामाचं एक वाक्य होतं. त्याचा आशय असा, की एंटविसलचा आवाज पाइप ऑर्गनसारखा सगळी जागा भरून टाकायचा, आणि तो गेल्यावर पॅलाडिनोबरोबर पहिले काही कार्यक्रम केले तेव्हा जाणवलं, अरे, आता मलाही काम आहे. लेहरा धरणाऱ्याला पस्तीस-चाळीस वर्षांनी आपला हात मोकळा झाल्याची जाणीव झाली. 2002 नंतरची ध्वनिमुद्रणं ऐका, टाउनशेंडची गिटार कितीतरी जास्त बोलते.

उलटा प्रकारही या बँडनं पाहिला आहे. 1978 मध्ये मून वारल्यावर केनी जोन्स आला, चांगला, सरळ वाजवणारा ड्रमर. पण बेसवर तोच सुसाट एंटविसल आणि ड्रमवर सरळ ठेका, जोडी काही जमली नाही. गायक रॉजर डाल्ट्री ते उघड बोलून दाखवायचा. म्हणजे बदली वादक मूळच्याइतका मोठा आहे का, एवढं विचारून भागत नाही. उरलेल्यांचं वाजवणं त्याच्यामुळे काय होतं ते ऐकावं लागतं. पॅलाडिनो आला तेव्हा ड्रमवर रिंगो स्टारचा मुलगा झॅक स्टार्की होता. मूनचा वारसा सांगणारा, भरभरून वाजवणारा. त्याच्या शेजारी दुसरा भरभरून वाजवणारा बसवला असता तर टाउनशेंडला पुन्हा लेहराच धरावा लागला असता.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या वाद्यवृंदातला जुना बेस वादक नोकरीसाठी दुबईला गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. तो फार तयारीचा होता, गाण्यातली एक जागा सोडायचा नाही. पहिले दोन महिने मी त्याच्यासारखंच वाजवायला बघत होतो आणि रोज तोंडघशी पडत होतो. एका गणपतीत श्रीगोंद्याला कार्यक्रम होता, मला ताप होता, बोटं चालेनात. नाइलाजाने फक्त सम आणि खालचा षड्ज-पंचम धरून बसलो. कार्यक्रम संपल्यावर आमचे ड्रमवाले काका केबल गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "बाळा, आज किती वर्षांनी मला माझाच ड्रम ऐकू आला रे." त्या रात्री टेम्पोत सगळे झोपले होते आणि मी जागा होतो. जुना वादक माझ्यापेक्षा शतपटींनी मोठा, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्या दिवसापासून मी त्याच्या जागेवर उभं राहून माझं वाजवायला लागलो.

आणि एंटविसल स्वतः तरी सूर मोजत होता का? 'बाबा ओ'रायली' पुन्हा ऐका. सिंथेसायझर गरगरतो आहे, पियानोचे तीन कॉर्ड कोसळतात, आणि ज्याच्या बोटांत सगळं जग होतं तो माणूस बराच वेळ मूळ सूर धरून उभा आहे. त्या गाण्याला तेच हवं होतं. लेखकाच्या मोजपट्टीने मोजलं तर तिथे एंटविसलही नापासच.

2012-13 च्या 'क्वाड्रोफेनिया' दौऱ्यात '5:15' या गाण्यात बँडने मोठ्या पडद्यावर एंटविसलचं जुनं सोलो दाखवलं. हॉलमध्ये बेसचा आवाज त्याचाच घुमत होता, जाऊन दहा वर्षं उलटलेल्या माणसाचा, आणि ड्रमर मंचावरून त्याला साथ करत होता. जिवंत बेस वादक त्याच मंचावर होता आणि ती जागा मूळ माणसाला दिलेली होती. पॅलाडिनो रोजंदारीवाला असता तर 'एंडलेस वायर' आणि 2019 चा 'हू' या अल्बमांवर त्याचं नाव आलं नसतं, आणि मंचावर तो 2017 पर्यंत टिकलाही नसता. त्यानंतर जॉन बटन आला, त्याच्याविषयी लेखात एक ओळही नाही.

माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या पुरवणीत निदान 'व्हाइट सिटी'ची दुरुस्ती छापावी. आणि ज्या वाचकांनी तो लेख वाचून पॅलाडिनोविषयी मत बनवलं असेल त्यांनी 'द रिअल मी' दोनदा ऐकावं, एकदा 1973 चं आणि एकदा 2012-13 च्या दौऱ्यातलं. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यावर बेस येतच नाही. हेडफोन लावा.

आपला,
एक जुना वाचक
सावेडी, नगर