मंत्रिमहोदय, पोरांना सामने द्या

प्रति,
मा. क्रीडा मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: डेनिस श्रोडर या जर्मन बास्केटबॉलपटूची कारकीर्द आणि आपल्या शालेय स्पर्धांची बाद पद्धत.

महोदय,

विषय वाचूनच हे पत्र बाजूला सारलं जाण्याची शक्यता मी गृहीत धरली आहे. जर्मनीतल्या खेळाडूचं मंत्रालयात काय काम? तरी दहा मिनिटं द्यावीत, कारण मागणी जर्मन नाही, अगदी इथली आहे. मी निवृत्त क्रीडाशिक्षिका आहे. पुतळा, पुरस्कार, नवं संकुल यांतलं काहीच मागत नाही.

१० सप्टेंबर २०२३ रोजी मनिलात जर्मनीने सर्बियाला ८३-७७ असं हरवून बास्केटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्याआधी हा चषक जर्मनीने कधीच जिंकला नव्हता. अंतिम सामन्यात २८ गुण करणारा आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कर्णधार म्हणजे डेनिस श्रोडर. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, रिगामध्ये तुर्कस्तानला ८८-८३ ने नमवून जर्मनी युरोपचाही विजेता झाला. तिथेही सर्वोत्तम खेळाडू तोच. जर्मनीने याआधी युरोपचं अजिंक्यपद एकदाच मिळवलं होतं, १९९३ साली म्युनिकला. श्रोडरचा जन्मही त्याच वर्षीचा.

हा मुलगा आला कुठून? ब्राउनश्वाइग नावाच्या मध्यम आकाराच्या शहरातून. आई गांबियाची, वडील जर्मन. अकरा वर्षांचा असताना तिथल्या प्रिन्झनपार्क या सार्वजनिक बागेत स्केटबोर्ड घेऊन हुंदडायचा आणि मधूनमधून बास्केटबॉल खेळायचा. लिव्हिउ कालिन या प्रशिक्षकाने त्याला तिथे पाहिलं आणि सरावाला बोलावलं. मुलगा काही लगेच गुणी बाळ झाला नाही. स्केटबोर्डचा नाद सुटायला वेळ लागला. २००९ मध्ये वडील अचानक गेले. त्याआधी त्याने वडिलांना एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, पोहोचण्याचा शब्द दिला होता आणि त्यानंतर तो या खेळाकडे खरं लक्ष देऊ लागला, असं तो स्वतः सांगत आला आहे.

बहुतेक लेख इथे थांबतात. बाग, पारखी नजर, वडिलांना दिलेला शब्द. वाचायला छान वाटतं, पण धोरण आखायला निरुपयोगी. पारखी माणूस आपल्याकडेही भेटतो. गोष्ट अडते ती त्याच्या पुढे, म्हणून मला त्या पुढच्या सात-आठ वर्षांबद्दल बोलायचं आहे.

त्यासाठी थोडं मागे, श्रोडरच्या आधीच्या पिढीतल्या डर्क नोवित्स्की या जर्मन बास्केटबॉलपटूकडे जावं लागेल. वुर्झबुर्गचा हा उंच मुलगा साधारण सोळाव्या वर्षी होल्गर गेश्विंडनर यांच्या नजरेस पडला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीचे कर्णधार असलेले हे गृहस्थ भौतिकशास्त्र शिकलेले आणि थोडे विक्षिप्तच. चेंडू हातातून कोणत्या कोनात सुटला तर रिंगमध्ये पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, याचं त्यांनी गणित मांडलं. मुलाला वजनं उचलायला लावण्याऐवजी वाद्य वाजवायला आणि पुस्तकं वाचायला लावलं. नोवित्स्की दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत असतानाच मार्च १९९८ मध्ये सॅन अँटोनिओला जगभरच्या तरुण खेळाडूंच्या संघातून उतरला, अमेरिकन मुलांविरुद्ध ३३ गुण आणि १४ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) काढले आणि त्याच उन्हाळ्यात एनबीएच्या डॅलस संघाकडे गेला. पुढे २१ मोसम एकाच संघात, ३१,५६० गुण, २०११ चं विजेतेपद. आपल्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये निवडलं तेही याच डॅलसने. तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही, आणि त्याची घडणही चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला पाठवल्यावर झाली, हे जाता जाता.

नोवित्स्की मोठाच, पण तो जर्मन व्यवस्थेने घडवला असं कुणी म्हणू नये. एका मुलाला एक विक्षिप्त गुरू भेटला आणि दोघांचं जमलं. त्या काळात जर्मन लीगची स्थिती उलटीच होत चालली होती. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मन निकालानंतर युरोपभर परदेशी खेळाडूंवरची बंधनं सैल झाली. क्लबांनी तयार अमेरिकन खेळाडू आणले आणि स्थानिक पोरं राखीव बाकावर टाळ्या वाजवत बसू लागली. नोवित्स्की एकट्याच्या खांद्यावर संघ उचलून २००२ मध्ये विश्वस्पर्धेचं कांस्य आणि २००५ मध्ये युरोपचं रौप्य घेऊन आला, पण त्याच्या मागे रांग उभी राहिली नाही.

मग त्यांनी जे केलं ते कंटाळवाणं आहे, म्हणून त्यावर कुणी चित्रपट काढणार नाही. २००६ मध्ये १९ वर्षांखालील मुलांची देशव्यापी लीग सुरू केली, २००९ मध्ये १६ वर्षांखालच्यांची. क्लबांनी मुलांसाठी पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक ठेवावेत असा आग्रह धरला. वरच्या लीगमध्ये जर्मन खेळाडूंची किमान संख्या ठरवली आणि ती वाढवत नेऊन २०१२-१३ च्या मोसमापासून १२ जणांच्या संघात ६ जर्मन असलेच पाहिजेत असा नियम केला. शिवाय दुहेरी परवाना: तरुण खेळाडू वरच्या संघाबरोबर सराव करील, गरज पडली तर तिथे खेळेल, आणि बाकीचे शनिवार-रविवार खालच्या श्रेणीतल्या जोडसंघाकडून पूर्ण वेळ खेळेल. बाकावर बसून कुणी शिकत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी नियमात बसवली.

आता श्रोडरची वर्षं या चौकटीवर ठेवून पाहा. ब्राउनश्वाइगच्या खालच्या संघाकडून तो तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये मोठ्या माणसांशी खेळला. चुका केल्या, चेंडू गमावले, पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरला. सहा जर्मनांचा नियम आला त्याच मोसमात, एकोणिसाव्या वर्षी, तो वरच्या लीगमध्ये ब्राउनश्वाइगचा मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू, झाला आणि सामन्यामागे १२ गुण करू लागला. एप्रिल २०१३ मध्ये पोर्टलंडला, नोवित्स्की चमकला होता त्याच वार्षिक लढतीत, याने १८ गुण केले आणि जूनमध्ये एनबीएच्या वार्षिक खेळाडू-निवडीत अटलांटाने त्याला सतराव्या क्रमांकावर निवडलं. नियमामुळे तो घडला असा दावा मी करत नाही. त्याचा वेग जन्मजात आहे. पण नियम नसता तर त्या जागी तिशीतला एखादा अमेरिकन गार्ड खेळला असता आणि हा वेग सरावातच जिरला असता.

डॅनिएल थाइस याच ब्राउनश्वाइगच्या मुशीतून आला. तो शेजारच्या झाल्झगिटरचा, श्रोडरहून एक वर्षाने मोठा. मनिलात जगज्जेत्या ठरलेल्या संघाच्या पहिल्या पाचांत या एका परिसरातले दोघे होते. त्याच स्पर्धेत टाइमआउटमध्ये दोघांची जुंपली आणि साऱ्या जगाने ती टीव्हीवर पाहिली, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर चरित्र फार गुळगुळीत होईल. श्रोडर तसा गोड माणूस नाही. सहकाऱ्यांवर जाहीर टीका करतो, विमानात साध्या वर्गात बसवलं म्हणून संघटनेवरही चिडतो. एनबीएतल्या लेकर्स संघाने देऊ केलेला चार वर्षांचा ८.४ कोटी डॉलरचा करार त्याने नाकारल्याचं वृत्तपत्रांत छापून आलं आणि शेवटी बोस्टनकडे त्याला एका वर्षाच्या ५९ लाखांवर समाधान मानावं लागलं. तेव्हा त्याने स्वतःच समाजमाध्यमावर लोकांना सांगितलं, करा काय विनोद करायचे ते. त्यानंतर ह्यूस्टन, पुन्हा लेकर्स, टोरांटो, ब्रुकलिन, गोल्डन स्टेट, डेट्रॉइट, सॅक्रामेंटो. बदली होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यासारखी बॅग कायम भरलेली.

पण देशाच्या संघात त्याचं वजन वेगळंच. मनिलात उपांत्यपूर्व फेरीत लॅटव्हियाविरुद्ध त्याने २६ फटके मारले आणि त्यातले ४ आत गेले. आपल्याकडे एवढ्यावर पोराची बॅग भरली असती. जर्मनी ८१-७९ अशी कशीबशी वाचली. प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट यांनी चेंडू त्याच्याच हातात ठेवला. उपांत्य फेरीत अमेरिका ११३-१११ ने हरली आणि मग ते २८ गुण. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो जर्मनीचा ध्वजधारक होता, हा मान मिळालेला पहिला कृष्णवर्णीय पुरुष खेळाडू. २०२५ च्या युरोप स्पर्धेत फिनलंडमधल्या टाम्पेरेला प्रेक्षकांतून त्याच्याकडे पाहून माकडाचे आवाज काढले गेले. तो खेळत राहिला आणि चषक घेऊन गेला. मिळालेल्या पैशातून त्याने ब्राउनश्वाइगचा क्लबही हाती घेतला, आधी भागीदार आणि पुढे मालक म्हणून.

आता आपल्याकडे येते. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. कागदावर उत्तम. पण सामने बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने. पहिल्या फेरीत समोर तगडी शाळा आली की सकाळी अकराला संघ बाहेर. दुपारी डबे खाऊन मुलं एस.टी.ने परत. त्या मुलांचा वर्षाचा अधिकृत बास्केटबॉल तिथे संपला. एक सामना. तोही कित्येकदा वेळ वाचवण्यासाठी छोटा केलेला. राज्यापर्यंत जाणाऱ्या मूठभर संघांनाही वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने मिळतात. श्रोडरच्या गावातल्या सोळा वर्षांखालच्या सामान्य पोराला, जो पुढे सुतार किंवा कारकून होणार आहे त्यालाही, हिवाळाभर जवळजवळ दर आठवड्याला सामना असतो. लॅटव्हियाविरुद्धच्या त्या रात्रीनंतर पुन्हा उतरायची हिंमत तिथे तयार होते. वर्षातून एकदाच खेळणाऱ्या मुलाला वाईट दिवस परवडतच नाही.

आणि आपण पैसा खर्च करत नाही असं नाही. पदकविजेत्यांना रोख बक्षिसं आहेत, नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, शिवछत्रपती पुरस्कार आहे, बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. या सगळ्याला माझा विरोध नाही. पण हे सारं खेळाडू तयार झाल्यानंतरचं किंवा प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचं. सवलतीच्या गुणांनी तर वेगळाच घोळ घातला आहे: पालक विचारतात, मॅडम, किती फेऱ्या जिंकल्या की गुण मिळतात? किती सामने मिळतात, असं माझ्या साऱ्या नोकरीत एकाही पालकाने विचारलं नाही.

आपल्याला हे जमणार नाही असंही नाही. मुंबईच्या नागपाड्यात जमलं होतं. त्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या कोर्टवर संध्याकाळी लहानथोर एकत्र खेळत आले आणि तिथून भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर यांच्यासारखे खेळाडू निघाले. तिथे संगमरवरी संकुल नव्हतं. रोज खेळायला कुणीतरी समोर होतं.

म्हणून मागणी. बास्केटबॉलच कशाला, कबड्डी, खो-खो, हॉकी यांनाही लागू पडेल, पण सुरुवात एका खेळाने आणि एका जिल्ह्याने करावी. १६ वर्षांखालील मुलामुलींची साखळी लीग. आठ किंवा दहा शाळा नाहीतर क्लब, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एकदा घरच्या कोर्टवर आणि एकदा बाहेर. जुलै ते जानेवारी, रविवारी सकाळी, म्हणजे परीक्षाही आड येणार नाहीत. पावसात उघड्या कोर्टवर पाणी साचतं, तेव्हा ते सामने दिवाळीनंतर घ्यावेत. खर्च मुख्यतः पंचांचं मानधन आणि प्रवास. तो एका बक्षीस समारंभाच्या मांडवापेक्षा फार जास्त होईल असं मला वाटत नाही. दुसरं, रविवारी शाळेचं कोर्ट उघडं राहील असा लेखी आदेश हवा, कारण मुख्याध्यापक किल्ली देत नाहीत आणि त्यांचीही चूक नसते. कुणाचा पाय मोडला तर जबाबदारी कुणाची, हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते आपण लिहून द्यावं. तिसरं, सवलतीचे गुण द्यायचेच असतील तर किती फेऱ्या जिंकल्या यावर न देता मोसमात किती सामने खेळला यावर द्यावेत.

जर्मनी श्रीमंत आहे, आपली तुलना होत नाही, असं उत्तर येईल. तिथेही मुलांचे बरेचसे संघ वर्गणीवर आणि गाड्या चालवणाऱ्या आईबापांवर चालतात. पगारी प्रशिक्षक आपण लगेच ठेवू शकणार नाही, मान्य. वेळापत्रक मात्र ठेवू शकतो.

नव्या शैक्षणिक वर्षाच्या आधी एका जिल्ह्यापुरता आदेश निघाला तर लीगची मांडणी, गुणफलक आणि पंचांची पाळी लावण्याचं काम माझ्यासारखी निवृत्त मंडळी बिनपगारी करील. जिल्हा आपण निवडावा. माझा असावा असा हट्ट नाही, फक्त तिथे निदान सहा शाळांच्या कोर्टला रिंग शाबूत असाव्यात, एवढं आधी कुणाला तरी पाठवून बघून घ्यावं.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगली